दोर सुटण्याआधी

नारळी पौर्णिमा झाली की कोळीवाड्यांतल्या बोटी पुन्हा समुद्रात जातात. पावसाळ्यासाठी बंद ठेवलेल्या लाँचही त्यापाठोपाठ सुरू होतात, आणि मग मे महिन्यापर्यंत आपल्यासारख्या हौशी माणसांनी धक्के गजबजलेले असतात. कुणी गेटवेहून घारापुरीला निघतं, कुणी मांडव्याला. राजपुरीला जंजिऱ्यासाठी रांग लागते, मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी. देशावरची माणसं भिगवणला उजनीच्या फुगवट्यात रोहित पक्षी बघायला होडीत बसतात, बामणोलीहून शिवसागर ओलांडून वासोट्याच्या पायथ्याशी उतरतात, पवनेच्या काठी तंबूत राहून सकाळी कयाक वल्हवतात. स्वतःची छोटी बोट बाळगणारेही आता भेटू लागले आहेत.

हे सगळं व्हावं, आणखी व्हावं, असंच मला वाटतं. सातशे किलोमीटरहून लांब किनारा लाभलेल्या राज्याने पाण्याकडे पाठ फिरवून राहू नये. तेव्हा हे आवाहन ‘जाऊ नका’ म्हणण्यासाठी नाही. सांगायचं आहे ते इतकंच, की पाण्यावर जीव वाचवणाऱ्या जवळजवळ सगळ्या गोष्टी पाय जमिनीवर असतानाच करायच्या असतात. दोर सुटला की प्रवाशाच्या हातात फार थोडं उरतं. तोवर मात्र पुष्कळ काही असतं. बोटीत न बसणंसुद्धा.

पहिली गोष्ट लाइफ जॅकेटची. १८ डिसेंबर २०२४ ला दुपारी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचवर नौदलाची एक वेगवान बोट येऊन आदळली. इंजिनाची चाचणी चालू असताना तिच्यावरचा ताबा सुटला होता. लाँचवर शंभराहून अधिक माणसं होती. दोन्ही बोटींवरची मिळून १५ माणसं गेली. दिवसाउजेडी, मुंबई बंदरासारख्या वर्दळीच्या पाण्यात, मदतीला आसपासच्या बोटी धावून आलेल्या असताना हे झालं. सहलीला निघालेल्या त्या माणसांचा यात काय दोष? पण बहुतेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. बोट कलंडत असताना ते शोधायचं, ओढून काढायचं, पट्टे लावायचे आणि मुलांनाही घालायचं, एवढं सगळं काही मिनिटांत करायची वेळ आली. ते शांतपणे बसल्या जागी कधी करून बघा, म्हणजे बुडत्या बोटीवर ते का जमत नाही हे लगेच कळेल.

अमेरिकेचं तटरक्षक दल हौशी बोटींच्या अपघातांचा अहवाल दरवर्षी काढतं. त्यात वर्षानुवर्षं एकच चित्र दिसतं: जीव गमावणाऱ्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश माणसं बुडून जातात, आणि त्या बुडालेल्यांत दर दहांपैकी आठाहून अधिक जणांच्या अंगात जॅकेट नसतं. पोहता येणं हा त्याला पर्याय नाही. डोक्याला मार लागलेला, कपड्यांत अडकलेला किंवा दुसऱ्या कुणी घाबरून मिठी मारलेला पट्टीचा पोहणारासुद्धा पाण्यात असहाय असतो.

नीलकमलच्या अपघातानंतर गेटवेहून जाणाऱ्या प्रवाशांना जॅकेटची सक्ती झाली, हे चांगलं झालं. पण सक्तीने जॅकेट फक्त हातात पडतं. ते नीट घालणं आपल्याकडे आहे. खांद्यावर शालीसारखं टाकलेलं किंवा पुढून उघडं ठेवलेलं जॅकेट पाण्यात पडताक्षणी डोक्यावरून निघून जातं. सगळे पट्टे लावा, बकल खटकन बसलं का ते पाहा, आणि मग सोबतच्या माणसाला जॅकेट दोन्ही खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. ते कानांपर्यंत वर आलं, तर ढिलं आहे. फाटलेलं, तुटक्या बकलाचं किंवा दाबल्यावर आतला फोम चुरगळलेला लागणारं जॅकेट परत करा आणि दुसरं मागा. मोठ्या माणसाचं जॅकेट घट्ट बांधून लहान मुलाला घालू नका. मूल त्यातून खाली निसटतं. मुलांच्या मापाचं, पायांमधून पट्टा जाणारं जॅकेट बोटीवर नसेल, तर ती बोट तुमच्या मुलासाठी नाही. वर्षातून दोनचार वेळा पाण्यावर जाणाऱ्या कुटुंबाने मुलांची जॅकेटं स्वतःची घेऊन ठेवावीत असं मी आग्रहाने सांगेन. मुलांच्या वाढदिवसाला आपण खर्च करतो, त्यापुढे हा खर्च काही फार नाही.

विकत घेताना आत छापलेला आकडा बघा. ५० न्यूटन लिहिलेलं जॅकेट म्हणजे फक्त तरंगायला मदत. पोहता येणाऱ्या आणि काठाजवळ राहणाऱ्या कयाकवाल्याला ते चालतं. १५० न्यूटनचं जॅकेट बेशुद्ध माणसालाही साधारणपणे उताणं करून तोंड पाण्याबाहेर ठेवतं. समुद्रावर जायचं असेल, तर हेच घ्या.

जॅकेट घातल्यावर बसायचं कुठे, याचाही विचार करा. लाँचच्या खालच्या बंद भागात बसलात आणि बोट उलटली, तर तेच जॅकेट तुम्हाला छताला दाबून धरेल. बाहेर पडायची वाट जवळ असेल अशा उघड्या जागी बसा आणि ती वाट एकदा डोळ्यांनी नीट बघून ठेवा.

आता गर्दीबद्दल. याबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळीने बोलायचं आहे, कारण इथे आपण प्रवासीच चुकतो.

प्रवासी बोटीची नोंदणी व्हावी लागते, तपासणी व्हावी लागते आणि त्या तपासणीत तिच्यावर किती माणसं बसतील हे ठरतं. देशांतर्गत जलवाहतुकीसाठी २०२१ चा नवा कायदा आहे. राज्याच्या किनाऱ्यावरच्या लहान बंदरांचं काम महाराष्ट्र सागरी मंडळ बघतं. बोटीवर नोंदणीचा क्रमांक आणि माणसांची संख्या ठळक रंगवलेली असली पाहिजे. ती वाचा आणि मग डोकी मोजा. मांडीवरची मुलंही मोजा. इतकं साधं काम आहे, पण ते कुणी करत नाही.

तांडेलाची, म्हणजे बोट चालवणाऱ्याची, बाजूही समजून घेतली पाहिजे. त्याचा धंदा वर्षातले तीन-चार महिने बंद असतो, डिझेल महाग आहे आणि रिकामी राहिलेली प्रत्येक जागा म्हणजे त्याचं नुकसान. त्यात आपणच गळ घालतो. “दादा, आम्ही सगळे एकत्र आलोय, दोघंच तर जास्त आहेत, घ्या ना!” असं म्हणणारे प्रवासीच असतात. पुढच्या वेळी त्याच धक्क्यावर उभं राहून दुसरं वाक्य म्हणून बघा: “काका, तुमची होडी दहा जणांची आहे ना? आम्ही बारा आहोत. सहा-सहा जण दोन फेऱ्यांत येतो.” काका नाही म्हणणार नाहीत. म्हटलं आणि सगळ्यांना एकदम कोंबू लागले, तर तुम्ही धक्क्यावरच आहात, मागे वळा.

जादा माणसांनी होडी का उलटते हे समजलं, तर मोह आवरणं सोपं जातं. वजन वाढलं की होडीचा काठ पाण्याच्या जवळ येतो आणि एरवी बाजूने निघून गेली असती ती लाट आत येते. आत आलेलं पाणी एका जागी राहत नाही. होडी जरा कलली की ते सगळं त्याच बाजूला धावतं आणि कल वाढवतं. वरच्या मजल्यावर माणसं बसली किंवा उभी राहिली, तर बोटीचा गुरुत्वमध्य आणखी वर सरकतो. केरळात थेक्कडीच्या तलावात ३० सप्टेंबर २००९ ला ‘जलकन्यका’ ही दुमजली बोट कलंडली आणि ४५ माणसं गेली. काठावर जनावरं दिसली म्हणून प्रवासी एका बाजूला गेले होते, आणि बोट मुळातच तोल राखणारी नव्हती. आपल्या डहाणूला १३ जानेवारी २०१८ ला कॉलेजच्या मुलामुलींची होडी उलटून तीन मुली गेल्या, तेव्हाही फोटोसाठी मुलं एका बाजूला सरकल्याचं सांगितलं गेलं. डॉल्फिन दिसला, किल्ल्याचा बुरूज दिसला, सूर्य बुडायला आला, की आपलेही पाय आपोआप तिकडे वळतात. बसूनच बघा. उभं राहून काढलेल्या फोटोपेक्षा बसून काढलेला फोटो वाईट येत नाही.

शाळांना माझी वेगळी, हात जोडून विनंती आहे. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण होते आणि सगळ्यांना जॅकेट नव्हतं. मुलं बाईंकडे बघून बोटीत पाय टाकतात. तेव्हा बाईंनी, सरांनी आधी मोजायचं, प्रत्येक मुलाच्या जॅकेटचा पट्टा स्वतःच्या हाताने ओढून बघायचा आणि मगच मुलांना चढू द्यायचं. वेळ गेला तर जाऊ दे. एक ठिकाण कमी बघून झालं तर होऊ दे.

वारा आणि पाणी यांचा हिशेबही काठावरच करायचा असतो. कोकणातल्या जुन्या माणसांना त्यासाठी घड्याळही लागत नसे. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे भरती पुरी होण्याची वेळ अदमासे कळते. षष्ठी असेल, तर सहाचे पाऊणपट साडेचार. म्हणजे साडेचारच्या सुमाराला भरलेलं पाणी, पहाटेही आणि दुपारीही. तिथून साधारण सव्वासहा तासांनी पुरी ओहोटी. आता मोबाइलवर भरतीचं कोष्टक मिळतं आणि ते जास्त अचूक असतं, तेव्हा बघायचं तेच. पण हा ठोकताळा मुलांना जरूर शिकवा, कारण त्यातून समुद्र आणि चंद्र यांचं नातं त्यांच्या ध्यानात राहील. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि खाडीत जास्त जोराने वाहतं. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा सगळंच सौम्य.

याचा आपल्याशी काय संबंध? उधाणाच्या ओहोटीला धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांच्यावर शेवाळ असतं. घसरून पडतात माणसं ती तिथे. रेवससारख्या गाळाने भरलेल्या बंदरात ओहोटीला लाँच लागतच नाही. आणि सगळ्यात वाईट जागा म्हणजे खाडीचं तोंड. ओहोटीचं पाणी जोराने बाहेर येत असतं, समोरून वारा आत येत असतो आणि खाली वाळूचा दांडा असतो. तिघं एकत्र आले, की आत आरशासारखी असलेली खाडी तोंडाशी उभ्या, तुटणाऱ्या लाटांची होते. तांडेल म्हणाला, “आता नको, पाणी फिरू दे,” तर तासभर चहा पीत बसा. त्याला घाई करू नका.

किनाऱ्यावर हिवाळ्या-उन्हाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो, समुद्र शांत असतो. दुपार झाली की खारा वारा सुटतो आणि पाणी खवळतं. तेव्हा सकाळी जा आणि जेवायला परत या. संध्याकाळच्या सफरीला माझी फारशी शिफारस नाही. केरळातल्या तानूरला ७ मे २०२३ ला पर्यटकांची बोट उलटून २२ जण गेले, त्यांत लहान मुलं बरीच होती. मासेमारीच्या बोटीला मजला चढवून केलेली ती बोट भरगच्च भरून अंधार पडताना निघाली होती. अंधारात पडलेला माणूस दिसत नाही, एवढं एकच कारण संध्याकाळ टाळायला पुरेसं आहे.

धरणांच्या पाण्याबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो, की समुद्र धोक्याचा आणि तलाव घरचा. २१ मे २०२४ ला संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली होडी उजनीच्या फुगवट्यात वादळात सापडली आणि सहा जण बुडाले. एक जण तेवढा पोहून काठाला लागला. एप्रिल-मेमध्ये वळवाचं आणि ऑक्टोबरमध्ये परतीचं वादळ दुपारनंतर बघता बघता येतं, आणि उजनीसारख्या उघड्या पाण्यावर त्याला अडवायला काही नसतं. क्षितिजावर काळा ढग उभा राहिलेला दिसला किंवा गडगडाट ऐकू आला, तर निघूच नका. निघाला असाल, तर जवळचा काठ धरा, मग तो कुठलाही असो. धरणांत आणखी एक धोका पाण्याखाली दडलेला असतो. बुडालेल्या गावांच्या भिंती, झाडांचे बुंधे, जुन्या विहिरींचे कठडे. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, हे आपण कौतुकाने बघायला जातो. पण पाणी अर्धवट उतरलेलं असताना असं किती काही हातभर खाली असेल, याचा विचार वेगाने बोट हाकणाऱ्याने करावा. ओळखीच्या नावाड्याशिवाय तिथे जाऊ नये.

समुद्रावर जाण्याआधी हवामान खात्याचा अंदाज आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा इशारा बघा. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असेल, तर ‘आमचं हॉटेलचं बुकिंग आहे’ या कारणाला काही किंमत नाही. पावसाळ्यात प्रवासी वाहतूक बंद असते तेव्हा एखादा जादा पैशांत न्यायला तयार होईल. त्याला नाही म्हणा. १७ जुलै १९४७ ला, ऐन आषाढी अमावास्येला, भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ आगबोट कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. सणाला घरी निघालेली माणसं होती ती. अलिबाग-रेवसकडच्या घरांत अजूनही ती आठवण निघते.

चढण्या-उतरण्याबद्दल थोडं. बोट आणि धक्का यांच्यामधल्या फटीत हात-पाय घालू नका. बोट दूर जाऊ लागली तर तिला पायाने ओढू नका. बोट लाटेवर वर आली की एक पाऊल टाका, उडी मारू नका, आणि आत पडलेलं पाऊल बोटीच्या मध्यावर पडू दे. दोन्ही हात मोकळे हवेत. पिशव्या आधी द्या, मूल जॅकेट घालूनच एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात द्या. आजी-आजोबांना खलाशाच्या आधाराने सावकाश उतरवा, मागच्यांना थांबू दे. साडी, ओढणी, लेहंगा यांपेक्षा आखूड सुटसुटीत कपडे बरे. आणि दारू बोटीत नाही, बोटीत बसण्याआधीही नाही. उन्हात आणि हलत्या बोटीत ती लवकर चढते, तोल घालवते, आणि पाण्यात पडलेल्या पिणाऱ्याला वर कुठलं आणि खाली कुठलं हेच उमगत नाही.

आता ज्यांची स्वतःची बोट आहे किंवा जे भाड्याने घेऊन स्वतः चालवतात, त्यांच्याशी बोलतो. तुमची जबाबदारी दुहेरी आहे. तुमच्या बोटीतल्यांची, आणि तुमच्यामुळे पाण्यावर अडचणीत येऊ शकणाऱ्या बाकी सगळ्यांची.

आपल्याकडे मरीना म्हणाव्यात अशा जागा मोजक्या आहेत. कोचीला बोळगट्टी बेटावर एक आहे. मुंबईत गेटवेसमोर बोटी बोयांना बांधून ठेवतात आणि डिंगीने जाऊन त्यांवर चढतात. बाकी ठिकाणी सार्वजनिक धक्का हाच आपला आधार, आणि तो सगळ्यांचा आहे. प्रवासी लाँच आणि मासे उतरवणाऱ्या बोटी यांना आधी जागा द्या. माणसं चढवा-उतरवा आणि पायऱ्यांपासून बाजूला व्हा. धक्क्याजवळ वेग इतका कमी ठेवा, की तुमच्या मागे लाटच उठणार नाही. तुमच्या लाटेने शेजारच्या होडीत पाय टाकणारी बाई पडू शकते. दोर बांधताना भरती-ओहोटी लक्षात ठेवा. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढउतार करतं. भरलेल्या पाण्यात आखूड बांधलेली बोट ओहोटीला दोरांवर लटकते, आणि धक्क्याच्या खांबांमध्ये शिरलेली बोट भरतीला वरच्या तुळईखाली चिरडते.

पेट्रोल भरताना इंजिन बंद, सगळी माणसं धक्क्यावर, विडी-सिगारेट नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती बोटीच्या तळाशी जाऊन बसते आणि एका ठिणगीची वाट बघते. भरून झाल्यावर झाकणं उघडून वारा खेळू द्या, वास घ्या आणि मगच इंजिन चालू करा. तेल तीन हिश्शांत मोजा: एक जायला, एक यायला, एक हातचा.

चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला इंजिन बंद पाडणारी दोरी असायलाच हवी. वळणावर चालक फेकला गेला, तर तिने इंजिन बंद पडतं. नाही तर मोकळी बोट गोल फिरत पाण्यातल्या माणसावरच येते, आणि पंख्याची जखम सांगू नये अशी असते. पोहणाऱ्यांच्या जवळ इंजिन बंदच ठेवा.

वाटेचे नियम थोडे आहेत, ते पाठ करा. समोरासमोर आलात तर दोघांनी उजवीकडे वळायचं. उजव्या हाताने आडवी येणारी बोट दिसली तर आपण वाट द्यायची. मागून गाठणाऱ्याने सांभाळून बाजूने जायचं. शिडाच्या होडीला आणि जाळं ओढणाऱ्या बोटीला इंजिनवाल्याने वाट द्यायची. बंदरात शिरताना लाल बोया डावीकडे, हिरवे उजवीकडे. आणि मोठ्या जहाजापुढून आडवं जायचंच नाही. न्हावाशेव्याला जाणाऱ्या कंटेनर जहाजाला थांबायला मैलभर पाणी लागू शकतं आणि त्याच्या नाळेखालची छोटी बोट वरून दिसतही नाही. डोल जाळ्यांच्या तरंगत्या खुणा दिसल्या तर लांबून वळा. कुणाची रोजी तिथे पाण्यात असते, आणि जाळं पंख्यात गेलं तर तुम्हीही अडकता. नौदलाची गोदी, जवाहर द्वीपाचे तेलाचे धक्के, अणुसंशोधन केंद्राचा किनारा यांच्या जवळपास जाऊ नका. ओळखपत्र आणि बोटीची कागदपत्रं सोबत ठेवा.

परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी दोन गोष्टी. तिथल्या सार्वजनिक मरीनात बोटींना धक्क्यावरून वीज मिळते. तारेत दोष असला तर ती पाण्यात उतरते, आणि गोड्या पाण्यात थोडीशी वीजही पोहणाऱ्याचे हातपाय लुळे पाडायला पुरते. तिथे धक्क्यालगत मुलांना कधीही पोहू देऊ नका. दुसरं, वसंतात हवा उबदार झाली तरी तलावाचं पाणी बर्फासारखं असतं. त्यात पडताच श्वास आपोआप आत ओढला जातो आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच ओढलं जातं. जॅकेटविना त्या पाण्यावर जाऊ नका, कितीही छान ऊन पडलेलं असो.

निघण्याआधी किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगून ठेवा: कुठल्या बोटीने, कितीजण, कुठे आणि कधी परत. ठरल्या वेळी फोन आला नाही, तर त्याने कुणाला कळवायचं तेही सांगा. तटरक्षक दलाचा मदतीचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, आणि कुठूनही ११२. हे तिन्ही आत्ताच फोनमध्ये साठवा. रेडिओ असेल तर चॅनेल १६. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, गळ्यात. शिट्टी जॅकेटला.

आणि तरीही पाण्यात पडलात, तर बोट सोडू नका. उलटलेली होडी बहुधा तरंगत राहते. तिला धरून राहा, वर चढता आलं तर चढा. किनारा दिसतो त्याहून बराच लांब असतो, आणि शोधणाऱ्याला डोक्यापेक्षा होडी आधी दिसते. जॅकेट असेल, तर गुडघे पोटाशी घ्या, एकमेकांचे हात धरून घोळका करा, मुलं मध्ये. दुसरा कुणी पडला, तर ओरडून सांगा, एकाने त्याच्याकडे बोट दाखवत राहावं, नजर काढू नये, आणि बाकीच्यांनी तरंगतं काही त्याच्याकडे फेकावं. त्याच्या मागे उडी मारू नका. १४ मार्च २०२० ला मांडव्याजवळ एक प्रवासी बोट बुडू लागली, तेव्हा पोलिसांची गस्ती बोट वेळेत पोहोचली आणि सगळे ८८ जण वाचले. मदत येते, ती येईपर्यंत तरंगत राहणं हे आपलं काम.

परत आल्यावर आणखी एक काम करा. बोटीत कोंबाकोंबी होती, जॅकेटं सडकी होती, तर बोटीचा क्रमांक आणि फोटो घेऊन बंदर कार्यालयात लेखी कळवा. आणि ज्या तांडेलाने समोर पैसे असताना अकरावा माणूस घेतला नाही, वारा बघून तुम्हाला तासभर थांबवलं, त्याचा नंबर मागून घ्या. नात्यातल्यांना, ऑफिसातल्यांना, सोसायटीत, शाळेत द्या आणि पुढच्या सुट्टीत सगळ्यांना त्याच्याकडेच पाठवा. त्याची बोट आधी भरली पाहिजे.